कन्हानची घरगाडी

धंतोली, नागपूर
१८ नोव्हेंबर २०२४

सौ. प्रेमिलाबाई विहीणबाईंना ताराचा नमस्कार.

फोन करायला घेतला होता, पण ठेवून दिला. फोनवर आपण दोघी ‘बरं आहे ना’, ‘जेवणं झाली ना’ याच्यापुढे सरकतच नाही. मुग्धा-जितेंद्रच्या लग्नाला सहा वर्षं झाली, तरी फोन कानाला लावला की दोघींच्याही अंगात विहीण संचारते. पत्रात तरी मोकळं बोलता येतं.

तर ऐका. आमच्या ह्यांचं डोकं फिरलंय.

तुम्हाला माहीतच आहे, ह्यांनी सगळी नोकरी सरकारी कचेरीत दुसऱ्यांची प्रवासाची बिलं तपासण्यात घालवली. कोण कुठे गेलं, कुठे मुक्काम केला, सगळं तोंडपाठ. स्वतः गेले कुठे? बंगळुरूला पोरांकडे आणि रामटेकला तुमच्याकडे. बस्स. आता कन्हानच्या कुणा वामनरावांची गाडी विकायला आहे असं कानावर आलं, आणि मला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले.

गाडी कसली, घरच हो ते! मोठी ट्रॅव्हलर, आतून सगळी बदलून घेतलेली. दोन खाली, दोन वर अशा चार झोपायच्या जागा. भिंतीतून उघडणारं टेबल, एक शेगडी मावेल एवढा ओटा, मागे इवलीशी मोरी, खिडक्यांना निळे पडदे. हे तिला घरगाडी म्हणतात. वामनराव आणि त्यांच्या गोपिकाबाई तिच्यातून देशभर हिंडले. मी विचारलं, मग विकता कशाला? तर गोपिकाबाई म्हणाल्या, “मन भरलं. आता झोपेतसुद्धा माझा पलंग चालतो. आता न हलणाऱ्या घरात राहीन म्हणते.” किती सुखी बाई! मला हेवाच वाटला.

हे ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले ते उतरेनातच. दोन्ही हात स्टेअरिंगवर, डोळे पुढे. पुढे काय, तर वामनरावांची विहीर आणि तुरीचं शेत. मी म्हटलं, “उतरा आता, आलं का गाव?” तर म्हणतात, “थांब, घाट लागलाय.” आता बोला!

पण खरं सांगू? घरी येताना स्कूटरवर मागे बसून मी पण तेच बघत होते. आज दार उघडलं की डोंगर, उद्या तेच दार उघडलं की नदी. दूध उकळतंय आपल्याच पातेल्यात आणि खिडकीबाहेर कुठलं तरी नाव न माहीत असलेलं गाव. या वयात शोभत नाही, पण फार वाटलं हो.

चार जागा आहेत. दोघांनी चार जागांचं काय करायचं? म्हणून तुमची दोघांची आठवण झाली. व्याहीबुवांनी तर ट्रॅक्टर, जीप, धानाचे ट्रक, सगळं चालवलंय. आमच्या ह्यांचा हात स्कूटरच्या पुढे गेलेला नाही. व्याहीबुवांनी एकदा गाडी नजरेखालून घालावी, एवढीच विनंती. बाकी काही नाही हो, फक्त नजरेखालून.

तुमची,
तारा

—

रामटेक
२७ नोव्हेंबर २०२४

ताराबाई विहीनबाई, प्रेमिलाचा नमस्कार घ्या. मी बोलते तशीच लिहिते, मुग्धासारखं शुद्ध मले जमत नाई. हासाचं नाई.

तुमचं पत्र मी जितूच्या बाबाले मोठ्यानं वाचून दाखवलं. ते धान चुरून आले होते, निरा भुशानं भरलेले. ‘घाट लागलाय’ आलं तं पोट धरून हासले. म्हने, “व्याही म्हणजे गजबच माणूस हाय.” मंग चार जागाचं वाचलं. नजरेखालून घालाचं वाचलं तं उठून हात धुवाले गेले. वापस येऊन म्हने, “घ्या म्हणा त्याहीले. व्याही चालवतीन. आपण मांगं निजत निजत जाऊ.”

मले नवलच वाटलं. लग्न होऊन आली तेव्हापासून मी पाहते, या मानसानं कोनाच्या हाती स्टेअरिंग देल्लं नाई. अन् आता म्हनते मांगं निजू!

तुमाले एक सांगू? आमी दोघायनंबी समुद्र पायला नाई. दरवर्षी जाऊ म्हणतो, दरवर्षी धान आडवं येते. पाणी म्हणजे आमचा खिंडसीचा तलाव. मी संध्याकाळी काठावर बसली का डोळ्याम्होरं बोट आडवं धरते. बोटानं पल्याडचा काठ झाकते, अन् मंग निरा पाणीच पाणी दिसते, त्याले शेवटच नाई. मले वाटते, असाच असन समुद्र. वारा आला का मी तोंडावर हात फिरवून पाहते, खारट लागते का म्हणून. येडीच हाय मी! पण तुमच्या पत्रापासून मले रोज वाटून राह्यलं का आपण चौघं जाऊ, गाडीचं दार उघडू, अन् बोट आडवं धराची गरजच पडनार नाई.

आता चुरणी चालू हाय, त्याच्यानं त्याहीचं गाडी पाहाले येनं होत नाई. तुमी घेऊन टाका. चालवाले व्याही हायेतच.

तुमची,
प्रेमिला

—

धंतोली, नागपूर
८ डिसेंबर २०२४

प्रिय विहीणबाई,

तुमचं ते बोट आडवं धरायचं वाचून मी फुटाळा तलावावर जाऊन करून पाहिलं. समोरच्या इमारती काही केल्या झाकेनात. एक बाई मला विचारायला लागली, “आंटी, फोटो काढून देऊ का?”

काल पुन्हा कन्हानला गेलो. घ्यायचं ठरलेलं नाही, तरी आम्ही नुसते जाऊन बसतो. वामनराव किल्ली हातात देतात आणि शेंगा तोडायला निघून जातात. मी त्या इवल्या शेगडीवर चहा केला. ह्यांनी निळे पडदे ओढून घेतले आणि म्हणाले, “कुठे आहोत सांग.” मी म्हटलं, बस्तर. मग ह्यांनी सालाचं जंगल आणलं, पायवाट आणली, लांब कुठेतरी वाजणारा ढोल आणला. थोड्या वेळाने मी म्हटलं, आता गोदावरी. तेवढ्यात पुलाकडून मालगाडी निघाली. पडदा जरासा सरकलेला होता, त्यातून फक्त तिचे डबे दिसत होते, एकामागून एक. आणि विहीणबाई, शप्पथ घेऊन सांगते, आमचीच गाडी चालायला लागली! हातात कप, पाठ टेकलेली, आणि आपण सरकतोय, सरकतोय. शेवटचा डबा गेला आणि आम्ही पुन्हा विहिरीजवळ येऊन उभे राहिलो. हे म्हणाले, “चांगला झाला प्रवास.”

आता अवघड तेवढं लिहिते. तुम्ही लिहिलंत, व्याही चालवतील. अहो, कसले चालवतात! तुमचं पत्र वाचून हे मोठ्या तोऱ्यात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आले. थोडे दिवस बरे गेले. मग एक दिवस गाडी थेट स्कूलच्याच पाटीवर नेली. शिकवणाऱ्या बाई फार सभ्य. हात जोडून म्हणाल्या, “काका, तुम्ही गप्पा फार छान मारता. गप्पा मारायलाच येत जा.” तेव्हापासून हे घरात त्या विषयावर बोलत नाहीत.

मग राहिलं कोण? व्याहीबुवा. आणि तिथेच माझं घोडं अडलंय. आम्ही मुलीकडचे. माझ्या आईने व्याह्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा कधी स्वतःच्या हाताने उचलू दिला नाही. आणि मी मुलाच्या बापाला म्हणू, या, आमची गाडी चालवा? लोक म्हणतील, व्याह्याला ड्रायव्हर करून ठेवला. त्यातून आपली पोरं जातीबाहेर, स्वतःच्या मनाने जमली. कुणी बोट दाखवायला नको म्हणून आपण चौघं मानपान जरा जास्तच जपतो. आपले दोघे नवरे तर ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत पोह्यांचं पार लाकूड करून टाकतात.

पण आता लिहूनच टाकते, नाहीतर ती गाडी विहिरीजवळच गंजेल. व्याहीबुवा चालवतील का? नाही म्हणाले तरी चालेल. राग आला तर माझ्यावर येऊ द्या. मी हे लिहिलंय हे ह्यांना माहीत नाही.

तुमची,
तारा

—

धंतोली, नागपूर
२ जानेवारी २०२५

सौ. प्रेमिलाबाईंना नमस्कार.

तुमचं उत्तर नाही. मी समजायचं ते समजले.

परवा व्याहीबुवा धंतोलीत आले होते. मी गॅलरीत साड्या वाळत घालत होते. खाली रोजचीच गर्दी, दवाखान्यांची, रिक्षांची, फाटकापुढे उभ्या केलेल्या दुसऱ्यांच्या गाड्यांची. त्या गर्दीत ते मला लगेच ओळखू आले. गळ्यात मफलर, काखेत फाईल. भिंतीच्या कडेकडेने, उभ्या स्कूटरींना हात लावत लावत येत होते. आमच्या फाटकापाशी थांबलेसुद्धा. मी वरून हाक मारली, हात हलवला, दोन-तीनदा. त्यांनी मान वर केली नाही. मी आत धावले, चहाचं आधण ठेवलं, ह्यांना उठवलं. हे तसेच घरातल्या चपलांवर खाली पळाले. तोवर व्याहीबुवा रिक्षात बसून निघून गेले होते.

आमच्या दारावरून, पाणीही न पिता! मुलीच्या सासऱ्याने! मी हे कुणाला सांगू? ह्यांनी मला विचारलं, तू त्यांना काही लिहिलंस का? मला खरं सांगावं लागलं. हे उठून बाहेर चालायला गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

माझं चुकलं. मी पायरी सोडून बोलले. वामनरावांना निरोप पाठवलाय, आम्हाला गाडी नको. त्यांच्याकडे रायपूरचं कुणी गिऱ्हाईक यायचं आहे, त्यांना देऊन टाका म्हटलंय. व्याहीबुवांना सांगा, विषय संपला. तेवढा राग काढून टाकायला सांगा, मुग्धाला यातलं काही कळायला नको.

आपली,
तारा

—

रामटेक
९ जानेवारी २०२५

ताराबाई, देवासाठी राग सोडा. पुरं वाचा मंग काय म्हणाचं ते म्हणा.

त्याहीले तुमचा राग नाई. त्याहीले तुमी दिसल्याच नाई.

मी उत्तर काहून देल्लं नाई ते सांगते. मी तीनदा लिहाले बसली अन् तीनदा कागद फाडला. जितूच्या बाबाले काचबिंदू हाय. दोनी डोळ्याले, डावा जास्त. समोरचं दिसते, पण बाजूचं गेलं. तुमी वरून, बाजूनं हात हालवला. त्याहीच्यासाठी तिथं कोनी नोतंच.

अन् आता आयका, हे मले त्याहीनं सांगतलंच नाई. अजूनबी सांगतलं नाई.

मले कसं समजलं? ताटावरून. आमच्याकडे चटणी ताटात डावीकडे वाढतात, तुमच्याकडेबी तसंच. या दिवाळीच्या मांगच्या दिवाळीपासून त्याहीची चटणी तशीच राहून जाये. मले वाटलं तिखट सोडलं असन. एक दिवस सहजच मी भाकरीच्या सामोर वाढली, तं बोटानं पुसून खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडे वाढली, तं पुन्हा राह्यली. मी चुलीपाशीच बसून राह्यली. मंग एक दिवस त्याहीच्या कोटाच्या खिशात दवाईची खाली शिशी सापडली. मी ती घेऊन मेडिकलवर गेली. तो म्हने, काकू, हे काचबिंदूचे थेंब हाय. गेलेली नजर वापस येत नाई म्हने, उरलेली थेंबानं राखाची.

ते मले सांगतात, खताच्या कामानं नागपूरले जातो. मी म्हणते, जा. डबा भरून देते. ते माह्यापासून लपवतात का डोळे गेले, अन् मी त्याहीपासून लपवते का मले ठावं हाय. तुमच्या दारी काहून थांबले असतीन, आता समजलं ना? यावंसंच वाटलं असन. पण तुमी विचारलं असतं, फाईल कायची हाय? व्याह्याले खोटं कसं सांगाचं? म्हणून गेले.

जीप चालवत तेव्हा मी डावीकडे बसून बडबड करो. “पाय ना, सायकलवाल्यानं कसा मस्त फेटा बांधला.” म्हणजे तिकडं सायकल हाय. ते म्हनत, “दिसते मले.” पोळ्याच्या बाजारात एका बंडीले धक्का लागला. कोनाले लागलं नाई, देवाची कृपा. तेव्हापासून जीपची किल्ली खुटीवर टांगली हाय. विचारलं तं म्हनतात, डिझल महाग झालं.

आता तुमी समजा. गाडी चालवा म्हटलं तं त्याहीले तोंडानं सांगा लागन का मले दिसत नाई. अन् सांगणार नाईत. त्याहीनं आजवर सारं सहन केलं, पण कोनापुढं कमी पडलो असं म्हटलं नाई. अन् तुमच्यापुढं तं नाईच नाई.

पण ताराबाई, गाडी तुमाले पाहिजे त्याहून मले जास्त पाहिजे. त्याहीले समुद्र दाखवाचा हाय. नजर हाय तवरिक. मी रोज रात्री हेच मांगते.

अन् एक. मी चालवू शकते. हासू नका. त्याहीले टायफाईड झाला होता तेव्हा मी धानाची ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर मंडीत नेला होता. जितूनं जीप शिकवली, लायसनबी काढून देल्लं. पण घरचा माणूस बाजूले बसला अन् बाई चालवते, असं आमच्या गावात कोनी करत नाई. मी त्याहीले एकडावबी म्हटलं नाई, द्या मले. कसं म्हणू? म्हटलं का समजन, मले ठावं हाय.

हे पत्र वाचून फाडून टाका. व्याह्याले सांगू नका.

तुमची,
प्रेमिला

—

धंतोली, नागपूर
१७ जानेवारी २०२५

प्रेमिलाबाई,

पत्र आल्यापासून मी स्वतःला शिव्या देतेय. माणूस भिंतीला हात लावत चाललाय हे मी या डोळ्यांनी पाहिलं, आणि मला सुचलं काय, तर मानपान! अक्कल गहाण ठेवली होती मी.

तुम्ही सांगू नका म्हणालात, मी सांगितलं. ह्यांना सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही, काय करू? ह्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, बराच वेळ पुसत बसले. मग स्कूटर काढली आणि सरळ कन्हानला गेले. रायपूरचं गिऱ्हाईक तिथे चहा पीत बसलं होतं म्हणे. हे म्हणाले, “माफ करा, ही गाडी आमच्या व्याह्यांची आहे.” असं अगदी ठणकावून.

तर गाडी घेतली! रविवारी, २ फेब्रुवारीला ताब्यात मिळेल. आता तिची पूजा कशी करायची यावर आमच्या घरात वाद पेटलाय. हे म्हणतात गाडी आहे, चाकाखाली लिंबू. मी म्हणते घर आहे, दूध उतू घालवायचं. जया वन्संनी फोनवर निकाल दिला, दोन्ही करा. तुम्ही दोघं सकाळीच कन्हानला या.

पण खरी भीती वेगळीच आहे. धंतोलीत आमच्याच फाटकातून आम्हाला बाहेर पडायला जागा नसते, तिथे एवढी गाडी उभी कुठे करू? ती तुमच्याच अंगणात राहायला हवी. म्हणजे त्याच दिवशी कुणीतरी ती कन्हानहून रामटेकला न्यायला हवी. वामनराव म्हणाले, मी सोडून देतो. हे नको म्हणाले. हे म्हणतात, किल्ली ताटात ठेवून व्याह्यांनाच द्यायची, मान त्यांचाच. मी विचारलं, आणि ते खरंच चालवायला बसले तर? तर म्हणतात, मग मी बाजूला बसेन, पण त्यांच्या हातून किल्ली काढून घेणारा मी कोण?

विहीणबाई, मला काही सुचत नाही. किल्ली दिली तर तुमच्या चुड्याची भीती, रस्त्यावरच्या लोकांची भीती. न दिली तर ते जन्मात आमच्या दारात येणार नाहीत. तुम्ही त्याआधी घरात बोलाल का? दोन शब्द फक्त. तुम्ही म्हणाल तर मी किल्ली हरवल्याचं नाटकही करेन.

तिळगूळ सोबत पाठवतेय.

तुमची,
तारा

—

रामटेक
३ फेब्रुवारी २०२५

ताराबाई,

मी घरात बोलली नाई. रोज ठरवलं, आज बोलू. रोज त्याहीचं तोंड पायलं अन् चूप बसली. काल कन्हानले येताना बसमध्ये मी रामाचं नाव घेत होती, ते म्हनले काय पुटपुटून राह्यली, मी म्हटलं काई नाई.

मंग काय झालं ते तुमी पायलंच. तुमचं दूध उतू गेलं, अन् शेगडीच बंद पडली. व्याह्यानं किल्ली ताटात ठेवून म्होरं धरली. त्याहीनं किल्ली उचलली. गाडीले हात लावत लावत पुरा चक्कर मारला. स्टेअरिंगकडचं दार उघडलं. तुमी डोळे मिटून घेतले, पण मी उघडे ठेवले होते. एक पाय त्याहीनं वर ठेवला, अन् तसाच उभा राह्यला माणूस. तुरीत पाखरं ओरडत होती तेवढीच. मले वाटलं आता चढते. मी म्होरं होऊन हात धरणारच होती, लोक काय म्हणाचं ते म्हणोत.

अन् ते म्हनले, सगळ्यायच्या सामोर, मोठ्यानं, “प्रेमिला, इकडं ये वं. तू चालव. मले दिसत नाई.”

तुमी रडल्या, व्याही रडले, वामनराव टोपी काढून उभे राह्यले. व्याह्यानं जितूच्या बाबाले मिठीच मारली. सहा वर्षात पयल्यांदा दोघं ‘आधी तुम्ही’ न म्हणता काईतरी करून बसले. एवढं तुमाले माहीत हाय. त्याच्यानंतरचं माहीत नाई, म्हणून लिहाले बसली.

दुपार कलल्यावर तुमी दोघं स्कूटरवर नागपूरकडे गेले अन् मी गाडी रोडवर काढली. हात निरा घामानं भिजले होते. एवढी लांब गाडी, मांगं कपबशा खडखड करून राह्यल्या. ते माह्या डावीकडे, सामोरच्या काचेपाशी. मंग म्हने, “तुले ठावं होतं ना?”

मी म्हटलं, “हो.”

“कवापासून?”

“चटणीपासून.”

ते हासले. ताराबाई, हासले! म्हने, “अन् मी येड्यासारखा खतं आणून राह्यलो.” मनसरच्या अलीकडे म्हने, “सामोरचा रोड मले दिसते. चांगला दिसते. तुले वाटते तेवढा काई मी आंधळा नाई. पण बाजूचं आता तू सांगत जाय. फेटा-बिटा नको, सरळ सांग.”

मंग मी सांगत गेली. डावीकडे धानाचं खाली वावर. धुऱ्यावर, बांधावर पळस, अजून फुलला नाई, पण कळ्या काळ्या झाल्या. एक बाई डोक्यावर मोळी घेऊन चालली, मांगं तिचं कुत्रं. उजवीकडे खाणीच्या मातीचे ढीग, त्याच्यावर ऊन पडलं तं निरा जांभळे दिसून राह्यले. पाण्याचं डबकं, त्यात दोन बगळे. मी एवढं बोलली का लग्न झाल्यापासून त्याहीच्याशी एवढं बोलली नसन. ते सामोर पाहत, मी सांगो तसं मान हालवत. एकडाव म्हने, “बगळे किती सांगतले?” मी म्हटलं दोन. म्हने, “बरं.” जसे काई त्याहीलेबी दिसले.

किती वेळ गेला, समजलंच नाई. मले वाटत होतं, आपण कुठं चाललो ते कोनी पुसूच नाई, असंच चालत राहावं. रामटेकचा डोंगर सामोर आला, वर मंदिराचे कळस, संध्याकाळचं ऊन. ते त्याहीनं स्वतःच पायले, मले सांगतले. मंग आमची गल्ली आली. मी गाडी हळू केली. दारात गल्लीतल्या साऱ्या बाया येऊन उभ्या होत्या, कोन चालवते म्हणून निरा डोळे फाडून पाहत होत्या. मी म्हटलं, “आलं घर. उतरा आता.”

ते उतरले नाई. त्या बायाइकडं त्याहीनं पायलंबी नाई. काचेतून सामोर पाहत म्हने, “थांबवू नको. अजून जराशीक पुढं घे.”

मी घेतली.

तुमची,
प्रेमिला